गर्दीत शिरण्याआधी घरातच ठरवून ठेवा

गेल्या अंकात आम्ही 'घरच्यांना घेऊन बाहेर पडताना' या विषयावर वाचकांचे प्रश्न मागवले होते. उत्तरं देणाऱ्या ताई पुणे शहर पोलीस दलात ३३ वर्षं नोकरी करून २०१९ साली सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाल्या. सध्या त्या धनकवडीत राहतात.

प्रश्न : गेल्या वर्षी गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गणपती बघायला गेलो होतो. नवरा, मी, सासूबाई आणि पाच वर्षांची मुलगी. दगडूशेठचं दर्शन घेऊन मंडईकडे वळताना मुलीचा हात सुटला. वीस मिनिटांनी ती एका फुलवाल्या बाईंजवळ उभी असलेली सापडली. यंदा नवरा म्हणतो, जायचंच नाही. मुलगी रोज विचारते. काय करू?
*एक आई, धायरी*

उत्तर : जा, ताई. मुलीला घेऊन जरूर जा. फुलवाल्या बाईंजवळ जाऊन उभं राहायचं हे तिला कुणी शिकवलं होतं का? नसेल, तर ते तिचं तिला सुचलंय आणि अगदी बरोबर सुचलंय. त्या दिवशी घाबरून तिला रागावला असाल, तर आज जवळ घेऊन सांगा, की बाळा, तू केलंस ते शहाणपणाचं होतं.

एवढं ठासून का सांगते, तर माझे कितीतरी गणपती पोलीस मदत केंद्रात गेले. एका वर्षी रात्री साडेनऊच्या सुमाराला एक बाप धापा टाकत आला. मुलगी हरवली, पाच वर्षांची, पिवळा परकर-पोलका. आम्ही स्पीकरवरून नाव पुकारलं, दोन शिपाई गल्लीत पाठवले. तिच्या नावाने हाका मारत ते त्याच गल्लीतून दोनदा गेले. मुलगी सापडली अकरा वाजता, एका मांडवाच्या मागच्या पडद्याआड, बांबूला धरून बसलेली. माझ्यासमोर आणून बसवली तेव्हा तिच्या मुठीत प्रसादाचा पेढा होता. दाबून दाबून त्याचा लगदा झाला होता, बोटांच्या फटींतून बाहेर आला होता, तरी मूठ उघडायला तयार नाही. मी विचारलं, "काका हाका मारत होते, ऐकू आलं नाही का गं?" म्हणाली, "आलं. पण आईने सांगितलंय, ओळखीचं नसेल त्याच्याशी बोलायचं नाही." आईचं नाव काय, विचारलं. म्हणाली, "आई."

दीड तास आईबापांनी काय भोगलं असेल! आणि पोरगी होती पन्नास पावलांवर. तिने आईचं ऐकलं, म्हणूनच ती सापडेना. 'अनोळखी माणसाशी बोलू नकोस' हे वाक्य त्या रात्रीपासून मी सोडून दिलं. हरवलेल्या लेकराला सगळं जगच अनोळखी असतं. कुणाशी बोलायचं नाही हे सांगण्यापेक्षा कुणाशी बोलायचं ते सांगा. माझ्या नातवंडांना मी तिघं सांगितलेत : गणवेशातला पोलीस, दुकानात गल्ल्यावर बसलेला माणूस आणि जिच्याबरोबर लहान मूल आहे अशी बाई. त्यातली तिसरी सगळ्यात सोपी. पोलीस कोण आणि मॉलचा सिक्युरिटीवाला कोण, हे पाच वर्षांच्या मुलाला कळत नाही. पोराला कडेवर घेतलेली बाई मात्र कळते.

आईचं आणि बाबांचं पूर्ण नाव, आडनावासकट, आणि एक मोबाइल नंबर पाठ हवा. नंबर चालीवर पाठ होतो, रोज अंघोळीच्या वेळी म्हणून घ्या, आठवड्यात येतो. तरी त्या दिवशी बॉलपेनने मुलीच्या मनगटाच्या आतल्या बाजूला नंबर लिहाच. फक्त नंबर. बाहेरून वाचता येईल असं नाव मुलांच्या टी-शर्टवर किंवा सॅकवर नको. नावाने हाक मारणारा माणूस मुलांना लगेच आपला वाटतो.

घरातून निघताना दारातच तिचा एक फोटो काढा, चपलांसकट पूर्ण. घाबरलेल्या आईला मुलीच्या फ्रॉकचा रंग आठवत नाही, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्याचं आता नवल वाटत नाही. फोटो असला की मदत केंद्रातल्या पोलिसाच्या मोबाइलवर पाठवता येतो आणि तिथून पुढे सगळीकडे जातो.

चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, हे मोठ्यांनीही ठरवा. हलणारी खूण धरू नका. 'त्या ढोल पथकापाशी' म्हणाल तर अर्ध्या तासाने पथक बेलबाग चौकात पोचलेलं असेल. मंडईची जुनी दगडी इमारत धरा, तिचा मनोरा लांबून दिसतो. मुलीला मात्र तिकडे चालत यायला सांगू नका. तिने आहे तिथेच थांबायचं, त्या तिघांपैकी कुणीतरी गाठायचं. आणि हात सुटला असं कळलं की तुमच्यापैकी एकाने त्याच जागी उभं राहायचं, दुसऱ्याने शोधायचं. चौघं चार दिशांना धावतात आणि मूल आपल्या पायाने परत येतं तेव्हा तिथे कुणीच नसतं.

शोधताना नुसतं नाव घेऊन ओरडू नका, वर्णन ओरडा : "पाच वर्षांची मुलगी, लाल फ्रॉक, दोन वेण्या!" नावावरून बाजूच्या माणसाला काही कळत नाही. वर्णन ऐकलं की पन्नास डोळे खाली बघायला लागतात. जवळच्या मंडळाच्या स्पीकरवरून सांगायला लावा आणि पोलिसांना लगेच सांगा. चोवीस तास थांबावं लागतं असा कुठलाही नियम नाही, तसं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

राहता राहिली गर्दीची भीती. ती खोटी नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई वाईच्या, त्यामुळे २५ जानेवारी २००५ ची मांढरदेवीची जत्रा आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. फुटलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या, माणसं घसरली, मागचा रेटा थांबेना, आणि सुमारे तीनशे जीव गेले. म्हणून सांगते, मागचं माणूस पाठीला टेकायला लागलं आणि आपली पावलं आपल्या मर्जीने पडेनाशी झाली, की दर्शन राहू द्या आणि निघा. उलटं फिरू नका. लोंढ्याबरोबर चालत तिरकं तिरकं कडेला सरका आणि पहिल्या मोकळ्या बोळात शिरा. मुलीला खांद्यावर बसवलं असेल तर खाली घेऊन छातीशी धरा. चप्पल निघाली तर वाकू नका. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, चप्पल गेली तर नवी घेऊ.

आणि सकाळी जा हो! मानाचे पाचही गणपती सकाळी नऊ-दहाला शांतपणे बघून होतात. रोषणाईसाठी एखादी संध्याकाळ सुरुवातीच्या दिवसांतली निवडा. गौरी गेल्या की पुढचे दिवस सगळं पुणं तिथेच असतं.

प्रश्न : माझं वय ७१. रोज पहाटे फिरायला जातो. महिन्यापूर्वी मोटारसायकलवर दोघं आले. "काका, आम्ही पोलीस. पुढे एका आजोबांना लुटलंय. चेन-अंगठी काढून रुमालात बांधा," म्हणाले. मी दिली, त्यांनीच बांधून हातात दिली. घरी येऊन बघतो तर रुमालात खडे. अजून मुलाला सांगितलेलं नाही, तक्रारही केलेली नाही. शिकलेला माणूस मी, बँकेत ३५ वर्षं काढली. लाज वाटते.
*एक वाचक, कोथरूड*

उत्तर : काका, आज संध्याकाळी मुलाला सांगा आणि उद्या सकाळी पोलीस ठाण्यात तक्रार द्या. महिना झाला तरी घेतात. तुम्ही दिलेली वेळ, गाडीचा रंग, बोलण्याची ढब यांतून दुसरी एखादी केस जुळते. तुमच्यासारखे दहाजण लाजेने गप्प बसतात आणि ती जोडी अकराव्याकडे जाते.

लाजेचं म्हणाल, तर ही माणसं याच कामात मुरलेली असतात. बऱ्याचदा तिसराही असतो, तो वाटेने जाणारा साधा माणूस बनून येतो. तोतया पोलीस आधी त्याला दरडावतो, तो निमूटपणे गळ्यातली चेन काढून रुमालात बांधतो. तो ऐकतोय म्हटल्यावर तुमचाही हात आपसूक गळ्याकडे जातो. मला प्राध्यापक भेटलेत, डॉक्टर भेटलेत, या फसवणुकीत सापडलेले. शिक्षणाचा इथे संबंध नाही. आपण पोलिसाचं ऐकणारी सरळ माणसं, त्याचा ते फायदा घेतात.

तेहतीस वर्षांत मी कुणाला रस्त्यात दागिने काढायला सांगितलं नाही, माझ्या कुठल्या साहेबांनीही सांगितलं नाही. पोलिसांचं ते कामच नाही. तेव्हा असं कुणी म्हणालं की एकच वाक्य : "चौकीत चला, तिथे काढतो." मोठ्याने म्हणा, आणि थांबून वाद न घालता चालत राहा, माणसं असतील त्या दिशेला. दूध केंद्र, पेपरवाला, पहाटे कुणी ना कुणी असतंच. 'शेटजींना मुलगा झालाय, म्हाताऱ्या बायकांना साड्या वाटतायत, दागिने काढले तर गरीब दिसाल' हाही त्यातलाच प्रकार. काकूंनाही सांगून ठेवा.

काकू स्वारगेटहून बसने जात असतील तर आणखी एक. बस लागली की दाराशी झुंबड उडते. काकूंचा एक हात दांडीला, दुसऱ्यात पिशवी. त्याच क्षणी मनगटातली पाटली कटरने कापली जाते आणि आत बसल्यावर, तिकिटाचे पैसे काढताना, हात रिकामा दिसतो. धक्का देणारी बहुधा बाईच असते, म्हणून संशय येत नाही. प्रवासात पाटल्या घालूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. घातल्याच, तर झुंबड ओसरू द्या आणि शेवटी चढा. उभ्याने जावं लागलं तरी चालेल.

प्रश्न : हॉटेलात गेलो की मी दाराकडे तोंड करून बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत राहतो. बायको म्हणते, तुझ्याबरोबर जेवण गोड लागत नाही. दहा वर्षांचा मुलगा हल्ली विचारतो, "बाबा, इथे काही होणार आहे का?" माझं चुकतंय का?
*एक वाचक, बाणेर*

उत्तर : हेतू चांगला आहे, पद्धत चुकतेय. मुलाने हा प्रश्न विचारला म्हणजे तुमची काळजी त्याच्या ताटात वाढली जातेय.

बंदोबस्ताला नवे शिपाई यायचे तेव्हा तेही असंच करायचे. प्रत्येक चेहऱ्याकडे रोखून बघायचे, तासाभरात थकायचे, मग खरोखर काही घडलं तरी दिसायचं नाही. आमचे एक जुने हवालदार सांगायचे, चेहरे बघू नका, नजर बघा. आरास बघायला आलेला माणूस वर बघतो. खिसेकापू खाली बघतो, लोकांच्या कमरेकडे आणि पर्सकडे. एवढं कळल्यावर मला त्या गर्दीत हजार चेहरे बघावे लागले नाहीत. नेहमीचं काय ते ठाऊक असलं की वेगळं आपोआप डोळ्यांत भरतं. तुमच्या सोसायटीसमोरच्या भाजीवालीला विचारा, काल कुठली नवी गाडी दुपारभर उभी होती ते ती सांगेल. ती काही टेहळणी करत नाही, तिचा रस्ता तिला माहीत आहे.

तेव्हा हॉटेलात शिरताना एकदा बघा : बाहेर पडायला दुसरी वाट कुठे आहे, आग लागली तर स्वयंपाकघर कोणत्या बाजूला आहे, कुणाचं नसलेलं सामान पडलंय का. चार-पाच सेकंदांचं काम. मग खुर्ची कुठल्याही दिशेची घ्या, मोबाइल खिशात घाला आणि बायकोशी बोला. मुलाकडून याचा खेळ करून घ्या, "दुसरं दार कुठंय, सांग बघू." सांगितलं की शाबासकी द्या आणि विषय बंद. पुढे आगीच्या न् बाँबच्या गोष्टी सांगत बसू नका.

बेवारस सामानाबद्दल मात्र मी अजिबात सैल बोलणार नाही. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत स्फोट झाला, १७ जण गेले. शनिवार होता. मला ससूनला बंदोबस्ताला पाठवलं होतं. तिथल्या जिन्यावर एक वडील बसले होते, हातात मुलाच्या नावाची चिठ्ठी, आणि तेच नाव ते प्रत्येक गणवेशवाल्याला वाचून दाखवत होते. स्फोटकं एका बॅगेत ठेवली होती. बॅग कुणाची ते कळत नसेल तर हात लावू नका, सरकवू नका, उघडून तर मुळीच बघू नका. एकदा मोठ्याने विचारा, "ही बॅग कुणाची?" कुणी हो म्हणालं नाही तर मालकाला सांगा, घरच्यांना घेऊन बाहेर पडा आणि लांब गेल्यावर ११२ लावा. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा कुणीतरी विसरलेला डबा निघतो. डबा निघाला म्हणून कुठल्याही पोलिसाने तुम्हाला बोल लावता कामा नये.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे. क्लास रात्री नऊला सुटतो, मग बस नाहीतर रिक्षा. बाबांना माझं लोकेशन सतत हवं असतं. मला कैद्यासारखं वाटतं.
*एक वाचक, सिंहगड रस्ता*

उत्तर : बाळा, तुझं वाटणं मला कळतं, आणि तुझ्या बाबांची रात्री नऊनंतरची घालमेलही कळते. दोघांनी बसून करार करा. क्लास सुटल्यापासून घरी पोचेपर्यंत लोकेशन चालू, बाकी दिवसभर बंद. आणि बाबांना उशीर होणार असेल तर त्यांनीही कळवायचं. नियम दोन्ही बाजूंनी असला की पहारा वाटत नाही.

पण लोकेशनने तू कुठे आहेस एवढंच कळतं. तिथे काय चाललंय ते तुझे डोळे-कानच सांगणार. चालताना दोन्ही कानांत इअरफोन नको. बसची वाट बघायची तर उघड्या मेडिकलसमोर, दिव्याखाली. रिक्षात बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढून घरी पाठव, आणि बसल्यावर रिक्षावाल्याला ऐकू जाईल असा फोन कर, "बाबा, रिक्षात बसले, नंबर पाठवलाय." कुणी मागे येतंय असं वाटलं तर रस्ता ओलांडून बघ. तोही ओलांडून आला तर घराकडे वळू नकोस, घर दाखवायचं नाही. उघड्या दुकानात शीर, काउंटरच्या आतल्या बाजूला उभी राहा, दुकानदाराला सरळ सांग आणि ११२ लाव. चूक निघाली तर काय, असा विचार करत चार गल्ल्या चालू नकोस. फोनमध्ये निदान वीस टक्के बॅटरी ठेवणं मात्र तुझी जबाबदारी. त्यावर बाबा ओरडले तर मी त्यांच्या बाजूची.

प्रश्न : दरवर्षी जुलैत आम्ही तीन कुटुंबं मिळून ताम्हिणीकडे धबधब्यावर जातो. मुलं आठ ते बारा वर्षांची. काय काळजी घ्यावी?
*एक वाचक, वाकड*

उत्तर : धबधबा लांबून बघा. प्रवाहात उतरू नका. हे मी मोघम सांगत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात हडपसरचं कुटुंब वाहून गेलं, पाच जण गेले, त्यांत लहान मुलं होती. ती माणसं खडकावर एकमेकांना धरून उभी होती. तुमच्यासारखीच, सुट्टीला आलेली.

आपल्या डोक्यावर पाऊस नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, पण पाणी येतं ते वर डोंगरात पडलेल्या पावसाचं. तुम्ही उन्हात उभे असता आणि वर अर्धा तास कोसळून गेलेला असतो. पाणी एकदम गढूळ झालं, पाला-काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज बदलून घुमायला लागला, काल दिसणारा दगड बुडाला, यांतलं एक जरी दिसलं तरी त्या क्षणी सगळ्यांनी वर. पिशव्या, चपला, मोबाइल घ्यायला परत फिरायचं नाही. पाणी गुडघ्याला लागलं आणि ओढ असली तर मोठ्या माणसाचाही पाय टिकत नाही, खाली शेवाळ असतं.

तिथल्या गावातल्या माणसाला विचारा. "इथे उतरू नका" असं तो म्हणाला तर फाटे फोडू नका. आणि तीन कुटुंबं असली की प्रत्येकाला वाटतं, मुलांकडे दुसरं कुणीतरी बघतंय. म्हणून पाळी लावा : अर्धा तास तुम्ही, अर्धा तास दुसरे. पाळीवर असलेल्याने भजी खायची नाहीत आणि फोटोही काढायचे नाहीत.

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची. हल्ली विसरते. पालखीबरोबर आळंदीहून पुण्यापर्यंत चालायचा तिचा हट्ट आहे. फोन तिला वापरता येत नाही.
*एक मुलगी, विश्रांतवाडी*

उत्तर : अडवू नका. एकटं मात्र पाठवू नका, तुम्ही नाहीतर भाचा-पुतण्या कुणीतरी सोबत चाला. पुण्यापर्यंतचा टप्पा लांब आहे. थकली तर मधेच रिक्षात बसवून घरी आणायची तयारी ठेवा. दिंडीप्रमुखांना आधी भेटून आईची ओळख करून द्या, दिंडीचा क्रमांक आईच्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहा. साडी नेहमीची नेसू द्या, डोक्यावर मात्र लांबून ओळखू येईल अशा रंगाचा रुमाल.

आणि एक चिठ्ठी. नाव, गाव, तुमचे दोन फोन नंबर, कोणती गोळी चालू आहे आणि 'आईला विसरायला होतं, कृपया जवळ बसवून फोन करा' एवढं. ती पिशवीत ठेवू नका, पिशवी हरवते. पोलक्याच्या आतल्या बाजूला सेफ्टी पिनने लावा, आणि आधी प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घाला, त्या दिवशी पाऊस असतो.